गेमिंग माऊस जुना झाला म्हणून बदलताय? आधी या चुका टाळा

एकदाच दाबलं तरी दोन गोळ्या सुटतात. फोल्डर नुसतं निवडायला जावं तर ते उघडतंच. फाईल ओढून नेताना मध्येच हातातून सुटते. अशी लक्षणं दिसली की बरेच जण लगेच नवा माऊस शोधायला बसतात, आणि शोधताना पाहतात काय, तर डीपीआय, म्हणजे माऊस इंचभर सरकला की तळाचा सेन्सर किती ठिपके मोजतो तो आकडा! बिघाड बटणाचा आणि खरेदी सेन्सरची. माऊस किती वर्षं वापरलाय यावरून फारसं काही ठरत नाही. त्याचा कुठला भाग गेलाय, तो बदलता येतो का, एवढंच पाहायचं असतं. ते पाहायला अर्धा तास पुरतो.

दोष माऊसचाच आहे असं धरून चालणं

माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही तीच रड असेल तर दोष माऊसचा. तिथे नीट चालला तर आपल्याकडचा पोर्ट, हब किंवा माऊसचं सॉफ्टवेअर तपासायला घ्या. इतकी साधी गोष्ट, पण ती न करताच माऊस मोडीत काढणारे कमी नाहीत.

वायरलेस माऊसचा पॉइंटर अडखळत असेल तर आधी रिसीव्हर, म्हणजे माऊसचे संदेश पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, कुठे खोचलाय ते बघा. यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल्स २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि वायरलेस माऊस बहुधा त्याच पट्ट्यात बोलतो. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपणच काढलं होतं. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला, शेजारी एक्स्टर्नल हार्ड डिस्क चालू, अशा जागी बसलेला रिसीव्हर बिचारा काय ऐकणार? छोट्या एक्स्टेन्शन केबलने त्याला माऊसपॅडजवळ आणा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

विंडोज नव्याने टाकल्यावर ‘सेन्सर गेला’ अशी तक्रार येते, तेव्हा विंडोजच्या माऊस सेटिंगमधला ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’चा टिकमार्क बघायला विसरू नका. तो चालू असला की हात जितक्या वेगाने हलेल तितका पॉइंटर जास्त लांब जातो. याची तपासणी अशी करा: पॅडवर एक जाड पुस्तक ठेवा, माऊस त्याला टेकवा आणि पॉइंटर कुठे आहे ते लक्षात ठेवा. आता माऊस झटक्यात बाजूला न्या आणि अगदी सावकाश परत आणून पुस्तकाला टेकवा. पॉइंटर स्क्रीनच्या कडेला आपटू देऊ नका, नाहीतर मोजमाप फसतं. तो मूळ जागेच्या आसपास आला तर सगळं ठीक. भलतीकडे गेला तर तो टिकमार्क काढून पुन्हा करून बघा. तरीही चुकतोय? मग सेन्सरच्या भोकात टॉर्च मारून पाहा. तिथे अडकलेला एखादा केस किंवा पॅडचा धागा पॉइंटरला नाचवायला पुरेसा असतो.

डबल क्लिक होतंय म्हणून जोरात दाबत राहणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण ती चूक वाटतच नाही.

बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो आणि त्याच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी. बटण दाबलं की ही पट्टी संपर्कबिंदूवर आपटते आणि स्थिर होण्याआधी क्षणभर थरथरते. त्या थरथरीला दोन क्लिक समजू नये म्हणून माऊसचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतच बसवलेला प्रोग्राम, काही मिलिसेकंद थांबतं. याला डिबाउन्स म्हणतात. वापरून वापरून पट्टीचा ताण कमी होतो, संपर्कावर ऑक्साइडचा थर चढतो. माऊसच्या बटणातून जाणारा प्रवाह इतका क्षीण असतो की तो थर जळूनही जात नाही. मग थरथर लांबते, डिबाउन्सच्या मुदतीबाहेर जाते आणि एकाचे दोन होतात. खोक्यावर दोन कोटी, पाच कोटी क्लिक्सचं आयुष्य छापलेलं असतं खरं, पण तो आकडा ठरावीक चाचणीतला आहे. तुमच्या टेबलावरची धूळ आणि दमट हवा त्यात धरलेली नसते.

माणूस काय करतो? नकळत जोरात दाबायला लागतो. बटण थोडं जास्त वेळ धरून ठेवतो. स्कोप धरलेला असताना मध्येच सुटला की पुढच्या वेळी बोट आणखी आवळतो. मनगट ताठ होतं, नेम बिघडतो आणि शेवटी ‘हल्ली माझाच खेळ घसरलाय’ या निष्कर्षावर गाडी येते. हा बिघाड अंगवळणी पडू देऊ नका.

काही माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्स वाढवायची सोय असते. वेळ मारून न्यायला ठीक, पण बिघाड वाढत जातो आणि तुम्ही आकडा वाढवत जाता. भराभर क्लिक करायच्या वेळी ते जाणवायला लागतं. खरा इलाज म्हणजे स्विच बदलणं. तीन पायांचा सुटा भाग आहे, सोल्डरिंग येणाऱ्याला अवघड नाही. आसुसच्या ग्लॅडियससारख्या काही माऊसमध्ये तर स्विच सॉकेटमध्ये नुसता खोचलेला असतो. ऑप्टिकल स्विचमध्ये क्लिक प्रकाशाने ओळखलं जातं, धातूच्या संपर्काने नाही. तिथे डबल क्लिक झालं तर आधी फर्मवेअर आणि सॉफ्टवेअरकडे बघा.

उघडण्याआधी दोन गोष्टी. वॉरंटी शिल्लक असेल तर स्क्रूला हात लावू नका, आधी कंपनीकडे दाद मागा. आणि स्क्रू बहुधा तळाच्या घसरपट्ट्यांखाली लपवलेले असतात. त्या काढल्या की पुन्हा नीट चिकटत नाहीत, त्यामुळे नवा संच आधीच मागवून ठेवा. वरचं कवच उचलताना हिसका देऊ नका. आत वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ रिबन केबल असू शकते. दुरुस्तीला घेतलेला माऊस कायमचा जातो तो बऱ्याचदा इथेच.

आणि कृपा करून गंजावरचा तेलकट स्प्रे मारू नका. तेल स्विचमधून चाकात, चाकातून लेन्सवर उतरतं, वर धूळ धरून ठेवतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला तर काही दिवस बरे जातात, पण पट्टीचा गेलेला ताण त्याने परत येत नाही.

एका भागाचं खापर अख्ख्या माऊसवर फोडणं

चाक खाली फिरवताना पान मध्येच वर उडी मारत असेल तर एन्कोडरमध्ये, म्हणजे चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या भागात, बहुधा धूळ गेली आहे. हवेचा फवारा मारून चाक दोन्ही दिशांनी भरपूर फिरवा. माऊस अधूनमधून डिस्कनेक्ट होत असेल तर केबल जिथे माऊसमध्ये शिरते तिथेच ती हलवून पाहा, बहुतेकदा आतली तार तिथेच तुटते. माऊस खरखरीत सरकतोय? टेफ्लॉनच्या घसरपट्ट्या झिजल्यात, त्या सुट्या मिळतात. बाजूचं रबर चिकट झालं असेल तर ते दिसायला किळसवाणं असलं तरी माऊस मेलेला नाही.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलणं

३० हजार डीपीआय कुणालाच लागत नाही. स्पर्धेत खेळणारे बहुतेक खेळाडू ४०० ते १६०० मध्ये खेळतात. पोलिंग रेटचं गणित सोपं आहे: १२५ हर्ट्झला माऊस दर ८ मिलिसेकंदांनी खबर देतो, १००० ला दर १ मिलिसेकंदाने, ८००० ला ०.१२५ मिलिसेकंदाने. पहिली उडी मोठी आहे. दुसरी जाणवण्यासाठी मॉनिटरही तसा हवा. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक फ्रेमच १६.७ मिलिसेकंदांची असते. शिवाय ८००० ला प्रोसेसरवर भार पडतो आणि काही गेम उलट अडखळतात.

वजनाचं मात्र तसं नाही. लॉजिटेकचा २०१४ मधला जी५०२ १२१ ग्रॅमचा होता. त्याच कंपनीचा २०२० मधला जी प्रो एक्स सुपरलाइट ६३ ग्रॅमच्या आत आला. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवून हात लांब फिरवणाऱ्याला, दर वेळी माऊस उचलून ठेवणाऱ्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. अशा कारणासाठी धडधाकट माऊस बदलला तरी माझ्या मते ती उधळपट्टी नाही.

जीव नसलेल्या माऊसला कवटाळून बसणं

याचीही दुसरी बाजू आहे. वायरलेस माऊसच्या कवचाची फट रुंदावली, बटणं अचानक घट्ट झाली किंवा सपाट टेबलावर माऊस डुगडुगायला लागला, तर आत बॅटरी फुगलेली असू शकते. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबून बसवणं, टोचणं असले प्रयोग नकोत. बॅटरी ई-कचऱ्यातच द्या. लेन्स साफ करून, पॅड बदलूनही झटका दिल्यावर पॉइंटर आकाशात जात असेल तर सेन्सरसाठी झटापट करू नका. रिसीव्हर हरवला आणि तुमच्या मॉडेलला दुसरा जोडता येत नसेल, तोही विषय संपला. आणि तासभर खेळल्यावर मनगट किंवा करंगळी रोज दुखत असेल, तर माऊस कितीही चांगला चालत असला तरी तो तुमच्या हाताचा नाही.

नवा घेताना आकार आधी, बाकी सगळं नंतर. जुना हाताला बसला होता तर त्याची लांबी, रुंदी आणि पाठीचा उंचवटा मोजा आणि त्याच्याजवळचा शोधा. पूर्ण तळहात टेकवून धरणाऱ्याला बोटांच्या टोकांनी धरायचा बुटका माऊस सोसत नाही. आल्यावर डीपीआय जुन्याइतकाच ठेवा आणि दोन्ही माऊस पट्टीच्या कडेने तेवढंच अंतर सरकवून पॉइंटर सारखाच जातो ना ते पाहा; छापील आकडा एकच असला तरी प्रत्यक्षात थोडा फरक पडू शकतो. हे जुळवल्याशिवाय खेळलात तर आपल्याला आकार खटकतोय की वेग, हे कळणार नाही आणि परत करायची मुदत तशीच निघून जाईल.