बाहेरून फोम लावताय? भिंतीला सुकायला वाट ठेवा

अमेरिकेतल्या सिएटलला वर्षाचा पाऊस साधारण १००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण तो ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत रोज झिमझिमत राहतो, ऊन दिसत नाही आणि भिंत चिऱ्याची नसून लाकडाची असते. आमच्या घराची उत्तरेकडची साइडिंग, म्हणजे भिंतीचं सगळ्यात बाहेरचं आवरण, उतरवली तेव्हा खिडकीखालचं ओएसबी (लाकडाच्या चिपळ्या दाबून केलेला, भिंतीच्या सांगाड्यावर बाहेरून ठोकलेला तक्ता) भिजवलेल्या पोह्यांसारखं बोटांनी कुस्करलं गेलं. त्यावर कोणीतरी घराची ऊब टिकवायला अर्ध्या इंचाचा फोम ठोकला होता.

तो अर्धा इंच हीच पहिली चूक. हिवाळ्यात कुकरच्या शिट्ट्या, अंघोळी, घरातच वाळत घातलेले कपडे यांची वाफ भिंतीत शिरते. बाहेरचा तक्ता गार असेल तर थंड पाण्याच्या तांब्याला पाणी सुटतं तसं त्यावर सुटतं. फोम नसताना तो तक्ता निदान बाहेरच्या बाजूने सुकतो. फोम लावला की ती वाट जवळपास बंद होते, म्हणून फोम एवढा जाड हवा की तक्ता मुळात गारच पडू नये. उष्णता किती अडते ते ‘आर’ या आकड्यात मोजतात. सिएटलच्या हवामान विभागात आतून साधा रंग दिलेल्या दोन-बाय-चारच्या (सांगाड्याच्या लाकडाचं इंचातलं माप) भिंतीला बाहेरून किमान आर-२.५ आणि दोन-बाय-सहाच्या भिंतीला आर-३.७५ लागतो. जाड भिंतीला जास्त, कारण आतल्या इन्सुलेशनमुळे घराची ऊब तक्त्यापर्यंत कमी पोचते. एक्सपीएस जातीचा फोम इंचाला आर-५ देतो, त्यामुळे पूर्ण इंच लावला की दोन्ही भिंती निभावतात. डोंगरापलीकडे जास्त थंडीच्या स्पोकेनला हेच आकडे ५ आणि ७.५ होतात. तिथल्या मित्राचं बघून इथे, किंवा इथलं बघून तिथे जाडी ठरवू नका.

दुसरी चूक पहिलीला जोडूनच येते: बाहेर फोम आणि आत जिप्समखाली प्लास्टिकचा कागद. मग ओल ना इकडे जाते ना तिकडे. फोम बाहेर असेल तर आतली बाजू मोकळी ठेवा.

पाणी सगळ्यात जास्त शिरतं ते खिडकीतून. फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्ट्या, कौलांसारखी चढवायची, वरची खालचीवर. हाउसरॅप (भिंतीवर गुंडाळायचा पाणी अडवणारा कागद) फोमच्या मागे असो वा फोमचे सांधे टेप केलेले असोत, पाणी कोणत्या थरावरून उतरणार हे आधी ठरवा आणि खिडकीची फ्लॅशिंग त्याच थराला जोडा. कामगार काळजीपोटी खिडकीच्या चारही बाजूंना सीलंट भरतात. खालची बाजू भरू देऊ नका! आत आलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. आमच्या घराच्या कामाच्या वेळी मी शिडीशी उभं राहून हे पाहिलं, तुम्हीही पाहा.

साइडिंग थेट फोमवर ठोकू नका. पाऊण इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या लांब स्क्रूने फोममधून आतल्या स्टडमध्ये (सांगाड्याच्या उभ्या लाकडात) पक्क्या करा आणि साइडिंग त्यांच्यावर बसवा. स्टड चुकलेला स्क्रू ओएसबीत नुसता लटकतो, तो काढून पुन्हा मारा. मागच्या फटीतून पाणी उतरतं, हवा फिरते. कॅनडातल्या व्हँकूव्हरला १९८० आणि ९० च्या दशकांत हजारो फ्लॅट सडले. आत शिरलेल्या पाण्याला निचरा नव्हता, सुकायला वाव नव्हता. १९९८ मध्ये त्यावर चौकशी आयोग बसला. आता तिकडे ही फट नियमातच आहे. फटीच्या खाली-वर जाळी लावा आणि फोम मातीला टेकू देऊ नका, नाहीतर लाकूड पोखरणारे मोठे काळे मुंगळे त्यात घर करतात.

झाकण्याआधी तक्त्यात ओलावा मोजायच्या मीटरच्या सुया टोचा. २० टक्क्यांवर आकडा आला तर थांबा, गळती शोधा, सुकू द्या. कुजलेला भाग कापूनच काढा.

आणि पातळ फोम आधीच लागलेला असेल तर? लगेच उखडायची गरज नाही. बाथरूमचा पंखा माळ्यात न सोडता छताबाहेर नेलाय ना ते बघा, चुलीवरचा पंखा लावूनच फोडणी करा, घरातली आर्द्रता हिवाळ्यात ४० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फेब्रुवारीत, भिंत सगळ्यात ओली असते तेव्हा, उत्तरेकडच्या एखाद्या सॉकेटशेजारी आतून बारीक छिद्र पाडा. आधी त्या सर्किटची वीज बंद करा आणि वायर कुठून गेलीय ते बघून घ्या. मीटरच्या लांब सुया तक्त्यापर्यंत पोचवा. आकडा २० च्या आत असेल तर छिद्र बुजवा आणि पुढच्या फेब्रुवारीत तिथेच पुन्हा मोजा.