किनाऱ्यावरून नाशिकला आलेली गाडी आणि पत्र्यामागचा गंज

मुंबई, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पट्ट्यातून नोकरीधंद्यानिमित्त नाशिकला येणारी कुटुंबे सामानाबरोबर आपली गाडीही आणतात, आणि कसारा घाट चढून इथली कोरडी हवा लागली की गंजाची काळजी मिटली, असे बहुतेकांना वाटते. मी स्वतः रत्नागिरीकडचा. इथे स्थायिक होऊन बराच काळ लोटला आहे आणि मागाहून येणाऱ्या नातलगांच्या, ओळखीच्यांच्या गाड्या तपासून देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येत गेले. त्या अनुभवावरून सांगतो की ही समजूत अर्धीच खरी आहे. नाशिकच्या हवेत नवा गंज सावकाश धरतो हे खरे. परंतु खाऱ्या वाऱ्याने पत्र्याच्या दुमडीत आणि पोकळ भागांत साठवलेले मीठ गाडीबरोबर घाट चढून येते. मीठ हवेतले बाष्प ओढून घेते, त्यामुळे बाहेरून कोरडी दिसणारी जागा आत ओलसर राहते, आणि खारट ओलाव्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा पुष्कळ लवकर झिजते. म्हणून गाडी आणल्यावर पहिला पावसाळा लागण्याआधी तिची एकदा नीट तपासणी करून घ्यावी, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

तपासणीसाठी गाडी खालून प्रेशरने धुऊन दिवसभर उन्हात वाळू द्यावी आणि मग अंबड किंवा सातपूरकडच्या एखाद्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून घ्यावी. चाकांवरच्या कमानींची आतली कड, दारांखालचा लांब पोकळ पत्रा, जॅक लावण्याच्या जागा, मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तो भाग आणि डिकीत स्टेपनी ठेवण्याचा खळगा, एवढ्या जागा तरी बॅटरीच्या उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्याची बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की काचेवरून आत उतरलेले पाणी दारातच साचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून रंगाला बाहेर ढकलतो, आणि तिथे मसुराएवढा फोड दिसला तरी आतली खराबी त्याच्या कितीतरी पट पसरलेली असते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते पायाखालच्या फ्लोअरकडे. पुढच्या सीटचे बोल्ट सोडून मॅटिंग उचलावे आणि त्याखालचा जाड फेल्ट बोटांनी दाबून पाहावा. हाताला ओल लागली किंवा पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा कुबट वास आला, तर तिथला पत्रा गंजाने खायला सुरुवात केली आहे असे समजावे. पुढच्या काचेखालच्या जाळीत पालापाचोळा अडकून निचरा तुंबणे किंवा एसीचे पाणी बाहेर नेणारी नळी निसटणे, ही याची नेहमीची कारणे आहेत, आणि ती दूर केल्याशिवाय फ्लोअर दुरुस्त करण्यात काही अर्थ नाही. पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकावा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला बद्द वाजतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

इथे आल्यावर जुनी गाडी विकत घेणार असाल, तर दोन गोष्टी खास नाशिकच्या आहेत. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत वापरलेल्या पिकअपमधून खते आणि फवारणीचे मोरचूद यांची ने-आण झालेली असते. मोरचुदाचे पाणी लोखंडावर पडले की त्यातले तांबे पत्र्यावर बसते आणि लोखंड विरघळत जाते, म्हणून अशा गाडीच्या हौद्याच्या सांध्यांत तांबूस किंवा हिरवट थर दिसतो का, ते बारकाईने पाहावे. दुसरी गोष्ट पुराची. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदाघाटावर उभ्या केलेल्या गाड्या पाण्यात सापडतात. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये शहराने मोठे पूर पाहिले आहेत. पुरातून निघालेली गाडी वरून चकचकीत करता येते, परंतु सीटच्या रुळांवर आणि बेल्टच्या बोल्टांवर बसलेला गंज व सांध्यांत अडकलेला बारीक गाळ सहसा लपत नाही. रंगाखाली पुट्टी भरली असेल, तर फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक तिथे ढिला चिकटतो. बॉडी फायबरची किंवा ॲल्युमिनियमची असेल तर मात्र ही परीक्षा चालत नाही.

दुरुस्तीबाबत माझे मत ठाम आहे. गंजावर थेट पुट्टी आणि रंग चढवून दिलेली गाडी चारसहा महिने छान दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तिथेच मोठा फोड येतो. नुसता पृष्ठभागावरचा गंज असेल, तर वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने तो पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढावा, खड्ड्यांत उरलेल्या गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचे टिकाऊ थरात रूपांतर करणारे द्रावण, वापरावे, ते डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पुसून किंवा वाळवून घ्यावे आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा, कारण उघडा पत्रा रात्रभर राहिला तरी त्यावर पुन्हा तांबूस झाक येते. पुट्टी त्यानंतर, आणि तीही पातळच. भोक पडले असेल तर मात्र चांगला पत्रा लागेपर्यंत कापून, त्याच जाडीचा तुकडा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात होणाऱ्या) वेल्डिंगने बसवणे हाच खरा उपाय आहे. फायबरचे कापड चिकटवून भोक बुजवणे मला मान्य नाही. दारांखालचा पत्रा आणि सस्पेन्शनच्या जागा अपघातात माणसाला वाचवणाऱ्या आहेत. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढलेली आहे, मॅटिंग व फेल्ट बाहेर आहेत आणि पेट्रोलची टाकी किंवा सीएनजी सिलिंडर जवळ असेल तर तो उतरवलेला आहे, याची खात्री स्वतः करून घ्यावी.

मिस्त्रीशी काम ठरवताना पुट्टी लावण्यापूर्वी उघडा पत्रा दाखवण्याची अट घालावी आणि त्या टप्प्याला स्वतः जाऊन यावे. चांगला कारागीर याला कधीच हरकत घेत नाही. सांध्यांवर सीलर लागल्यावर पोकळ भागांत नळीने मेण फवारून घ्यावे. अंडरबॉडी कोटिंग त्यानंतर. गंजलेल्या किंवा ओल्या पत्र्यावर ते काळे कोटिंग मारले तर ओल आतच कोंडली जाते आणि नुकसान नजरेआड वाढत राहते. चाके आणि इतर सुटे होणारे जाड भाग औद्योगिक वसाहतीत सँडब्लास्टिंग व पावडर कोटिंग करून मिळतात, परंतु पातळ पत्र्यावर तसा मारा केला तर तो वाकडातिकडा होतो. हे काम पावसाळा सोडून करावे. थंडीतही सकाळी पत्र्यावर दव असते, म्हणून रंग ऊन वर आल्यावरच मारायला सांगावे.

खर्चाचा विचार करताना विम्यावर भिस्त ठेवू नये, कारण नेहमीच्या वाहन विम्यात गंजाने झालेली झीज धरली जात नाही. राज्यातल्या राज्यात आलेल्या गाडीचा नंबर बदलावा लागत नाही. मात्र नवा पत्ता ३० दिवसांच्या आत आरटीओला कळवणे बंधनकारक आहे. दमण, सुरतेकडून आलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे राहणार असेल, तर तिची नव्याने नोंदणी करून एमएच-१५ चा नंबर घ्यावा लागतो. अशा कामांत आणि १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणात चॅसिस नंबर तपासला जातो. अनेक गाड्यांत तो सीटजवळच्या फ्लोअरवर किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, म्हणजे नेमका गंज धरणाऱ्या जागी. तिथे ग्राइंडर अजिबात फिरवू देऊ नये. आकडे सुवाच्य असतानाच त्यांचा फोटो आणि पेन्सिलने उतरवलेला ठसा काढून ठेवावा, मऊ ब्रशने गंज झाडून वर ग्रीसचा पातळ हात द्यावा, आणि आकडे पुसट झाले असतील तर पत्र्याला हात लावण्याआधी आरटीओत अर्ज करावा.