ताटातल्या अन्नाचा हवामानावरील भार कसा कमी करावा

मानवी व्यवहारांतून बाहेर पडणाऱ्या हरितगृह वायूंपैकी सुमारे एक तृतीयांश वायू अन्न पिकवण्यापासून ते टाकून देण्यापर्यंतच्या साखळीत निर्माण होतात. हा भार कमी करायचा म्हटले की लक्ष आधी वाहतुकीकडे जाते; परंतु विमानाने येणारा नाशवंत माल वगळला, तर अन्न किती लांबून आले यापेक्षा ते कोणते आहे, हेच बहुधा निर्णायक ठरते.

म्हणून आधी आठवडाभर काय खाल्ले आणि काय फेकले, याची नोंद ठेवावी आणि त्या नोंदीत रवंथ करणाऱ्या जनावरांपासून मिळणारे पदार्थ शोधावेत. या जनावरांच्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात. त्यातून तयार होणारा मिथेन मुख्यतः ढेकरांवाटे बाहेर पडतो आणि २० वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. जागतिक सरासरी पाहिली, तर १ किलो गोमांसामागे ६० किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो, तर वाटाण्यामागे जेमतेम १ किलो. कडधान्यांकडे वळणे म्हणूनच सर्वांत फायद्याचे आहे. मांस सोडून चीज वाढवले, तर मात्र कमावलेले बरेचसे निसटते, कारण १ किलो घट्ट चीजला साधारण १० लिटर दूध लागते.

त्यानंतर नासाडी पाहावी. २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले ६० टक्के घराघरांतले होते. मोजून शिजवावे, उरलेले आधी संपवावे.

भात पिकवणाऱ्यांच्या हाती आणखी एक उपाय आहे. खाचरात पाणी सतत तुंबले की चिखलातला प्राणवायू संपतो आणि मिथेन तयार होऊ लागतो. ते टाळण्यासाठी भोके पाडलेली नळी चिखलात उभी रोवावी, तिच्यातले पाणी जमिनीखाली १५ सेंटीमीटरपर्यंत उतरले की मगच पुन्हा पाणी द्यावे. अशा ओल्या-कोरड्या पाळ्यांत नायट्रस ऑक्साइड हा दुसरा हरितगृह वायू वाढू शकतो, म्हणून युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यावा. फुलोऱ्यात मात्र पाणी तोडू नये, नाहीतर दाणे पोचट राहतात.