आजीला सन विचारू नका: गावाच्या आठवणी आणि जुने फोटो कसे जपावेत

“आजी, तुमच्या काळी कसं होतं, सांगा ना.” हा प्रश्न विचारून मी पहिल्या सात-आठ मुलाखती वाया घालवल्या. उत्तर ठरलेलं असायचं: “काय सांगू बाला, गरिबी होती. शेतावर जायचं, खाडीवर जायचं, झालं.” तेवढ्यात चहा यायचा आणि विषय संपायचा. आजीला आठवत नव्हतं असं नाही. माझा प्रश्नच इतका मोघम होता की तिने सुरुवात कुठून करायची?

मी नवी मुंबईतल्या कोपरखैरण्यात राहतो आणि करावे, सारसोळे, दिवाळे, घणसोली अशा गावांत हे काम करतो. 1970 साली हे नवं शहर वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली 95 गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली. कुणाची किती जमीन गेली हे सातबाऱ्यावर सापडतं. त्या जमिनीवर दिवस कसा जायचा, हे आता फक्त पंचाहत्तरी-ऐंशी गाठलेल्या माणसांना ठाऊक आहे. घाई का करायची, ते यावरून कळावं.

सामानाबद्दल फार सल्ले मिळतात, ते बाजूला ठेवा. साधा मोबाइल पुरतो. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करायला सांगा, फोन हातभर अंतरावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा आणि मिनिटभर ध्वनिमुद्रण करून ऐकून बघा.

परवानगी दोनदा घ्या. सुरुवातीला तोंडी सांगा की हे कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे. शेवटी काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते विचारून मराठीत लिहिलेल्या कागदावर सही घ्या. साडेबारा टक्क्यांचे भूखंड (गेलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेले), भावाभावांतल्या वाटण्या असे विषय निघाले की माणूस बोलून जातो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. “हे नको लिहू” म्हटलं की ते लिहायचं नाही, त्यावर वाद नको.

आता मुख्य गोष्ट, जी शिकायला मला दोन वर्षं लागली: प्रश्न विचारण्याआधी फोटो हातात द्या आणि गप्प बसा.

सारसोळ्यात एका आजींच्या हातात मी त्यांच्याच घरातला एका लग्नाचा फोटो दिला. मला नवरा-नवरीची नावं हवी होती. त्यांचं बोट मात्र वऱ्हाडाच्या मागे, अगदी कडेला दिसणाऱ्या लाकडी फळ्यांवर जाऊन थांबलं. “ही आमची उघाडी.” खाडीच्या बांधातलं पाणी सोडायचं दार. मग उधाणाच्या एका रात्री बांधाला खांड पडली, खारं पाणी शेतात शिरलं, गावातले बाप्ये चिखल आणि पेंढा घेऊन रांगेने उभे राहिले आणि बायकांनी कंदील धरले, हे सगळं त्या वीस मिनिटं सांगत होत्या. आज त्या बाजूने पाम बीच रस्ता जातो. मी मध्ये फक्त एकदा बोललो, “मग?” एवढंच. त्याच आजींना आदल्या आठवड्यात मी “बांधांविषयी सांगा” म्हटलं होतं, तेव्हा “होते बांध” यापुढे गाडी गेली नव्हती.

गप्प बसणं सोपं नाही. त्या थांबल्या की आपल्याला वाटतं, संपलं, आणि आपण पुढचा प्रश्न टाकतो. मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतरच येते. माझ्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मी अशा किमान डझनभर जागा मोडलेल्या आहेत. पुन्हा ऐकताना वाईट वाटतं, कारण त्यातली काही माणसं आता नाहीत.

घरातला मुलगा किंवा सून हमखास मध्ये बोलते: “तसं नाही आई, ते नंतर झालं.” त्यांना रागावू नका, काम द्या. जुन्या लग्नपत्रिका शोधायला सांगा. तारखेसाठी लग्नपत्रिकेइतका भरवशाचा कागद घरात दुसरा नसतो.

कारण सन विचारायचाच नसतो. “कोणत्या साली?” म्हटलं की माणूस परीक्षेला बसल्यासारखा आक्रसतो आणि काहीतरी ठोकून देतो. सालाऐवजी खुणा विचारा. गांधीजी गेले तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? कोयनेच्या भूकंपाने भांडी वाजली, तेव्हा लग्न झालं होतं का? तो डिसेंबर 1967. बांगलादेशच्या लढाईतला ब्लॅकआऊट आठवतो का? 1971. दुष्काळात रेशनवर मायलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा, तेव्हा थोरला चालत होता का? 1972. मुंबईला होडीने जायचात की वाशीचा पूल झाला होता? पूल 1973 चा. वाशीला लोकल आली ती 1992 साली. दोन खुणांच्या मध्ये घटना अडकली की साल दोन-तीन वर्षांच्या अंतरात सापडतं आणि आजींना ओझंही वाटत नाही. शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली, तर ती मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असू शकते. त्यावर हिशेब उभा करू नका.

गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये उरण तालुक्यातल्या जासईला झालेल्या आंदोलनाबद्दल मात्र पहिल्या भेटीत मी स्वतःहून विचारत नाही. त्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. विषय त्यांनी काढला तर ऐकतो.

पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं नोंदवा. चेंदणी कोळीवाड्यात कुणी 16 एप्रिल 1853 ची पहिली आगगाडी ठाण्याला आली त्याची गोष्ट सांगितली, तर ती पणजोबांकडून आलेली आहे. ती जरूर घ्या, पण समोर “ऐकीव” लिहा.

फोटोंचं काम त्यामानाने सरळ आहे, एक नियम सोडून: फोटो घरी नेऊ नका. मी एकदा एक अल्बम “दोन दिवसांत देतो” म्हणून नेला, स्कॅन करायला एका दुकानात दिला आणि परत आला तेव्हा त्यात एक फोटो कमी होता. घरातल्या कर्त्या माणसाचा तो एकमेव फोटो. त्या घरी मी नंतरही गेलो, पण पूर्वीसारखं कुणी बोललं नाही. तेव्हापासून लॅपटॉप आणि स्कॅनर मीच घेऊन जातो आणि त्यांच्या समोर, त्यांच्या ओटीवर काम करतो. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला स्कॅनरवर 600 डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके), पासपोर्टएवढ्याला 1200. काचेला चिकटलेला फोटो सोलू नका, दमट हवेत वरचा थर काचेवरच राहतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, काचेसकट फोटो काढा. लॅमिनेशन कधीही नको. मागच्या बाजूचाही स्कॅन घ्या, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने, कडेला.

लिहून काढताना बोली दुरुस्त करू नका. आगरी माणूस “जाल” म्हणाला तर “जाल”च लिहा, त्याचं “जाळं” करू नका. “उघाडी”चं “जलद्वार” केलेलं मी एका स्मरणिकेत पाहिलं आहे. तो शब्द गावातल्या एकाही माणसाच्या तोंडी नव्हता.

फाइलला तारीख, गाव आणि विषय द्या. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. एक पेनड्राइव्ह त्या कुटुंबाला द्या.

महिन्याभराने परत जा. फोटोची मोठी प्रत काढा, प्रत्येक चेहऱ्यावर आकडा टाका, खाली कोऱ्या ओळी ठेवा आणि ती प्रत ओटीवर ठेवून या. शेजारच्या बायका येतात, “हा आमचा तात्या” म्हणतात, नावांवरून भांडतात. आठवड्याने कागद आणायला जाल तेव्हा फोन पुन्हा चालू ठेवा.