पाळणाघर सुरू करताय? पालकांना जागा दाखवण्याचा दिवस असा आखा

नवीन पाळणाघर बघायला आलेल्या आई-बाबांची नजर आधी भिंतीवरच्या चित्रांवर जाते, पण त्यांचा निर्णय ठरतो तो बाळ दिवसभर ज्या मावशींच्या हातात असणार त्यांच्याकडे बघून. म्हणून ओपन हाऊसची आखणी मावशींभोवती करा. सजावटीचं नंतर बघता येतं.

दिवस शनिवारचा, वेळ सकाळी १० ते १. जूनमध्ये शाळा उघडतात, त्यामुळे मोठ्या मुलांचे पालक मार्च-एप्रिलमध्येच जागा शोधतात. २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आलेल्या आया मात्र वर्षभर येत राहतात. दुपारी १ ते ४ कोणालाही बोलावू नका, ती बाळांची झोपेची वेळ असते आणि किरकिरं बाळ घेऊन आलेली आई काहीच धड बघू शकत नाही. रंगकाम किमान तीन आठवडे आधी संपवा. वास राहिला तर पहिला प्रश्न त्यावरच येतो, आणि तो रास्त असतो. वास्तुशांत किंवा सत्यनारायण आदल्या आठवड्यात उरकून घ्या. पूजेच्याच दिवशी पालकांना बोलावलं की धूर, पेटती समई आणि प्रसादाची रांग यांत जागा दिसतच नाही.

८०० चौरस फुटांच्या टू बीएचके फ्लॅटमध्ये एका वेळी चार कुटुंबं पुरेत. आजी-आजोबा धरले की माणसं पंधराच्या घरात जातात. १०, १०:४५, ११:३० आणि १२:१५ असे चार गट करा. दहा मिनिटं जागा दाखवायला, वीस मिनिटं मुलांना खेळायला, उरलेला वेळ प्रश्नांना. 'सकाळी कधीही या' असा निरोप गेला की सगळे साडेअकराला दारात उभे राहतात. व्हॉट्सॲपच्या निरोपात गटाची वेळ, मजला आणि गाडी कुठे लावायची एवढं लिहा. उलट उत्तरात बाळाचं वय आणि येणाऱ्यांची संख्या मागवा. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवा आणि वॉचमनकडे यादी द्या. पार्किंगवरून पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांशी वाजलं तर ते पुढे वर्षभर निस्तरावं लागतं.

आदल्या दिवशी प्रत्येक खोलीत गुडघ्यांवर रांगत फिरा. उभ्याने न दिसणारं बरंच काही सापडतं: पलंगाखालचा खिळा, लोंबणारी चार्जरची वायर, पडद्याची दोरी. टॉयलेट रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी हाताशी ठेवा. जे खेळणं किंवा त्याचा सुटा भाग त्या नळीतून आरपार जातो, ते तीन वर्षांखालच्या मुलांच्या खोलीतून काढा. बटण सेलच्या खेळण्यांचं झाकण स्क्रूने बंद नसेल तर ती ठेवूच नका. गिळलेला बटण सेल काही तासांत अन्ननलिका जाळतो.

फुग्यांची कमान लावायचा मोह टाळा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात चिकटला तर श्वास बंद होतो आणि बोटाने तो निघतही नाही. दारातली रांगोळीही नको, रांगणारी मुलं ती तोंडात घालतात. हाताला लागणार नाही इतकं उंच फुलांचं तोरण बांधा, तेवढं पुरे. मुलांच्या खोलीत गरम चहा नेऊ नका; ट्रेमधला कप खेचून बाळ भाजायला एक क्षण लागतो. मोठ्यांना जिन्याजवळ किंवा ऑफिसच्या टेबलावर कोकम सरबत द्या. मुलांसाठी मऊ इडलीचे तुकडे, केळं. शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, अख्खी द्राक्षं नकोत, आणि काहीही भरवण्याआधी आईला विचारा.

आता मावशी. पाळणाघराच्या ताईंनी सगळं बोलायचं आणि मावशींनी कोपऱ्यात उभं राहायचं, ही सर्रास होणारी चूक. मावशींनी रोजचेच कपडे घालावेत, स्वतःचं नाव सांगावं आणि बाहुलीवर डायपर बदलून दाखवावा: आधी हात धुणं, बाळावर एक हात कायम, पुसताना पुढून मागे, घाण डायपर झाकणाच्या डब्यात, परत हात धुणं. ही दोन मिनिटं पालक डोळे लावून बघतात. फ्रिजही उघडून दाखवा. आईचं काढलेलं दूध नाव, तारीख आणि वेळ लिहिलेल्या बाटलीत, आतल्या बाजूला, दारात नव्हे. गरम करायचं ते कोमट पाण्यात बाटली ठेवून, मायक्रोवेव्हमध्ये नाही.

आज्या राईच्या उशीबद्दल हमखास विचारतात. उत्तर आदराने, पण ठाम द्या: वर्षाच्या आतलं बाळ इथे सपाट, घट्ट गादीवर पाठीवर झोपतं, उशी, दुपटं, मऊ खेळणं काही शेजारी नसतं, कारण त्यात नाक दबून श्वास अडतो. आज्यांना तोडून बोलू नका, बऱ्याच घरांत शेवटचा कौल त्यांचाच असतो.

सीसीटीव्हीचा प्रश्न तर येणारच. खारघरच्या एका पाळणाघरातल्या मारहाणीचं चित्रण २०१६ मध्ये बाहेर आलं, तेव्हापासून पालक हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. कॅमेरे कुठे आहेत, चित्रण किती दिवस राहतं, ते कोण बघू शकतं हे सांगा. डायपरच्या आणि संडासाच्या जागी कॅमेरा नाही, हेही आपणहून सांगा. त्या दिवशी मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि जाहिरातीसाठी लेखी परवानगी घ्या.

टेबलावर एक फाइल उघडी असू द्या: शॉप ॲक्टची नोंद, सोसायटीचं ना हरकत पत्र, प्रत्येक मावशींची पोलीस पडताळणी, जेवण देणार असाल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. अग्निशामक नळकांड्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, पुढच्या तपासणीची तारीख उलटली नाही ना, हे आधी बघून ठेवा.

फी एका छापील कागदावर द्या. महिन्याची रक्कम, अनामत आणि ती परत कधी मिळते, उशिरा न्यायला आल्यास दर अर्ध्या तासाला किती, दिवाळीच्या सुट्टीची फी लागते का, ताप उतरल्यावर किती तासांनी बाळ आणायचं. 'ते आपण बघू' हे उत्तर ऐकलं की पालक मनातल्या मनात नाव खोडतात.

त्याच दिवशी प्रवेशाचे पैसे घेऊ नका. मधल्या वारी बाळाला घेऊन तासभर बसायला बोलवा आणि ती वेळ निघण्यापूर्वीच वहीत लिहून घ्या. गट बदलताना तोंडात घातलेली खेळणी वेगळ्या टोपलीत टाका. त्यासाठी खेळण्यांचे दोन संच लागतात. दोन दिवसांनी एकच फोन करा, आणि जो प्रश्न उत्तराशिवाय राहिला होता त्याचं उत्तर त्या फोनवर द्या.