आधी मुंबई, मग शिरोडा: बेळगावहून आठवडाभराची सहल कशी आखावी

बेळगावच्या माणसाला समुद्राची ओढ लागली की तो आंबोली घाट उतरतो आणि मुंबईला जायचे झाले की मिरजेची वाट धरतो. या दोन वाटा एकाच सुटीत जोडल्या, तर गेलेल्या रस्त्याने परत यावे लागत नाही. मात्र मुंबई आधी आणि सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावरचे शिरोडा गाव नंतर, हा क्रम मोडू नये. आम्ही पहिल्या खेपेस उलट केले होते आणि शिरोड्यात सुस्तावलेली मंडळी दादरच्या पुलावरच एकमेकांवर खेकसू लागली.

रेल्वेचे आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमान्यांमुळे कोकणच्या गाड्या लगेच भरतात, म्हणून मुंबई ते सावंतवाडी हे तिकीट आधी पक्के करावे आणि त्यानुसार बेळगावहून रात्रीची गाडी ठरवावी. गुरुवारी सकाळी मुंबईत उतरणे सोयीचे ठरते. कारण घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तर राणीची बाग आणि तिच्या आवारातले भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. घारापुरीला शुक्रवारी जावे. गेटवेहून लाँचने साधारण तासभर लागतो आणि शनिवार-रविवारची गर्दी टळते. मुले बरोबर असल्यास सकाळी आठ ते अकरा लोकलच्या वाटेला जाऊ नये. नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर बेळगावची मिठाई कुंदा न्यायला विसरू नये (विसरलात, तर दारातच विचारणा होते).

रविवारी सकाळी मांडवी एक्सप्रेस पकडावी. रात्रीच्या गाडीने झोपून जाणे सोपे असले, तरी करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि रत्नागिरीजवळचा पानवलचा उंच पूल दिवसाच अनुभवण्यासारखे आहेत. सावंतवाडी स्टेशन शहरात नसून मळगावला आहे. तिथूनच रिक्षा ठरवून थेट शिरोड्याला जावे.

शिरोड्यात कार्यक्रम आखू नये, एवढीच सूचना पुरे. घरगुती मुक्काम घ्यावा आणि उद्या कोणती मासळी हवी, ते आदल्या रात्री सांगून ठेवावे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असल्याने ते महिने टाळावेत. सकाळी वेळागरच्या किनाऱ्यावर फिरावे, उन्हे उतरल्यावर मिठागरांकडे जावे. 1930 मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता आणि वि. स. खांडेकर त्या काळात याच गावात शिक्षक होते. उन्हाळ्यात वाफ्यांच्या बांधांवर मिठाचे ओलसर ढीग दिसतात. चिमूटभर जिभेवर ठेवले, तर त्यात किंचित कडवटपणा जाणवतो. शेजारच्या आरवलीला वेतोबाच्या देवळात नवसाची प्रचंड चामडी पायताणे ठेवलेली असतात. देव रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि ती झिजवतो, अशी श्रद्धा आहे. मुलांना हे संग्रहालयापेक्षा जास्त लक्षात राहते.

परतीला सावंतवाडीहून आंबोली, चंदगड, शिनोळीमार्गे दिवसाउजेडी घर गाठता येते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवर थांबतात, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानकावर चौकशी करावी आणि 1 नोव्हेंबरला, म्हणजे सीमाभागातल्या काळ्या दिनी, परतीचा प्रवास ठेवू नये. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात आमसुले छान मावतात.