पिकअपचा काटा बंद पडला म्हणून लगेच स्पीड सेन्सर घेऊ नका, या चुका टाळा

सोयाबीनचा सीझन आला, मोंढ्यात गाड्यांच्या रांगा लागल्या की ही तक्रार ठरलेली. मीटरचा काटा नाचायलाय, नाहीतर शून्यावरच झोपलाय, किलोमीटर पण पुढं सरकंना. मग लोक काय करतात, तडक दुकान गाठतात न् नवा स्पीड सेन्सर, म्हणजे गाडीचा वेग मीटरला कळवणारा पार्ट, घेऊन येतात. पहिली चूक हीच, आणि खिशाला लागणारी पण हीच. लई वेळा सेन्सर ठणठणीत असतो, गेलेली असते वायर.

हा सेन्सर बसतो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, फोर बाय फोर गाडी असंल तर बहुतेक ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यावर. म्हणजे शेतातल्या रस्त्याचा सगळा चिखल तिथंच जाऊन बसणार, आणि आपली काळी माती वाळली की दगड होते, ती वायरिंगला धरून ओढते. म्हणून आधी खाली झोपून कनेक्टर काढून बघा. लॉक तुटलंय का, पिना हिरव्या पडल्यात का, वायर थोडी ओढून बघा आतून तुटलीय का. गाडी कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहत असंल तर उंदरानं कुरतडलंय का तेही बघा, आणि फ्यूज विसरू नका.

मग मल्टीमीटर. तीन वायरचा सेन्सर बहुतेक हॉल टाइपचा, म्हणजे चुंबकाच्या बदलावर सिग्नल देणारा असतो, त्याला बाहेरून सप्लाय लागतो. चावी ऑन करून गाडीच्या वायरिंगकडच्या कनेक्टरमध्ये सप्लाय चेक करा, गाडीप्रमाणं ५ किंवा १२ व्होल्टच्या आसपास यायला पाहिजे, अर्थिंग पण चांगलं पाहिजे. सप्लायच नसंल तर नवा सेन्सर घालून काय उपयोग? दोन वायरचा मॅग्नेटिक असतो, तो आतला दातेरी भाग फिरला की स्वतःच व्होल्टेज तयार करतो, ते एसी व्होल्टवर मोजायचं. डीसीवर मोजून 'सेन्सर मेला' म्हणणारे मेकॅनिक पण आहेत बरं का. आणि नुसती एबीएसची (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टिमची) लाइट लागली असंल तर आधी चाकाजवळचे सेन्सर बघा, ते वेगळे.

सेन्सर खरंच गेला असंल तर गाडी सपाट जागी, चाकाला दगड, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, स्टँड लावा. इंजिन, सायलेन्सर गार होऊ द्या. काढायच्या आधी आजूबाजूची जागा डिझेल न् ब्रशनं साफ करा, कारण ते भोक सरळ गिअरबॉक्समध्ये उघडतं, माती आत गेली तर शे-पाचशेचं काम हजारात जातं. बोल्ट काढला की सेन्सर डावी-उजवीकडं हलवत बाहेर घ्या. स्क्रूड्रायव्हरनं उचकटायला गेलात तर प्लॅस्टिक मोडतं न् टोक आतच राहतं. टोकाला करडी बारीक पेस्ट चिकटलेली असंल तर घाबरायचं कारण नाही, पण लोखंडाचे तुकडे दिसले तर विषय सेन्सरचा नाही, गिअरबॉक्सचा.

नवा घेताना जुना हातात घेऊन जा. कनेक्टर, लांबी, आणि टोकाला छोटा गिअर असंल तर दात मोजून घ्या, दात चुकले की काटा चालतो पण स्पीड खोटा दाखवतो. ओ-रिंग, म्हणजे सेन्सरवरची रबरी गोल सील, नवीनच टाका, गिअर ऑइल लावून. जुनीच बसवली की ऑइल गळायला लागू शकतं. बोल्ट हातानं सुरू करा, बेतानं आवळा, गिअरबॉक्सची बॉडी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असते, आटे गेले की बोंबला. वायर सायलेन्सरपासून लांब बांधा, ऑइल सांडलं असंल तर लेव्हल भरा, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) असंल तर कोड क्लिअर करून एक चक्कर मारा. स्कॅनरवर स्पीड येतोय पण काटा तरी हलंना, तर मग मीटर उघडायची वेळ आली.